स्थानिक सोरॉरिटी राष्ट्रीय संस्थेशी जोडायची असेल तर

"कॉलेजात आमची एक छोटी सोरॉरिटी आहे, तीसेक मुली आहोत. आता सगळ्या म्हणतायत नॅशनल व्हायचं. म्हणजे नक्की काय करायचं?" दर वर्षी दोन-तीन मुली तरी मला हे विचारतात. काही इथे अमेरिकेतच वाढलेल्या, काही नाशिक-कोल्हापूरकडून पदवीसाठी आलेल्या. कधी त्यांच्या आया विचारतात, आणि त्यांच्या आवाजात काळजी असते. मी स्वतः सांगलीहून इथे शिकायला आले, दुसऱ्या वर्षी एका स्थानिक सोरॉरिटीत गेले आणि तिचं राष्ट्रीय संस्थेत रूपांतर होताना खजिनदार होते. पुढे आणखी दोन गटांना सल्लागार म्हणून मदत केली. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे, पायरी पायरीने.

आधी शब्द समजून घेऊ. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची, ग्रीक अक्षरांनी ओळखली जाणारी, आयुष्यभराच्या सदस्यत्वाची संघटना. हा शब्द तसा नवाच. 1882 साली सिराक्यूज विद्यापीठातल्या गॅमा फाय बीटासाठी तो पहिल्यांदा वापरला गेला. त्याआधी मुलींच्या संघटनाही, मुलांच्या अशा संघटनांसारख्याच, स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत. स्थानिक म्हणजे लोकल सोरॉरिटी एकाच कॉलेजात असते आणि तिची घटना, नाव, बिल्ला, दीक्षाविधी सगळं तिचं स्वतःचं असतं. राष्ट्रीय सोरॉरिटीचं एक मुख्यालय, एक घटना आणि एकच गुप्त विधी असतो, आणि कॉलेजाकॉलेजात तिच्या शाखा असतात. त्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि चॅप्टर उघडायच्या लेखी परवान्याला चार्टर.

आता मुख्य गोष्ट. आपण मराठी माणसं 'संलग्न' हा शब्द ऐकला की चुकीचं चित्र डोळ्यापुढे आणतो. महाराष्ट्रातलं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असतं, पण त्याचं नाव, त्याची इमारत, त्याची संस्था तीच राहते. इथली गावोगावची महाराष्ट्र मंडळं बृहन्महाराष्ट्र मंडळाला जोडलेली आहेत, तरी प्रत्येक मंडळाचा गणपती आणि प्रत्येकाची कमिटी आपापली. सोरॉरिटीचं तसं नाही. हे दत्तक जाणं आहे. नाव बदलतं, गोत्र बदलतं, देव्हारा बदलतो. तुमची अक्षरं, रंग, गाणी, बिल्ला बाजूला ठेवून तुम्ही दुसऱ्या घराच्या होता. त्या बदल्यात त्या घराचा आधार मिळतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी काय सोडायला आपण तयार आहोत आणि काय नाही, हे कागदावर उतरवा. माझ्या पाहण्यात जे गट रडत-भांडत फुटले, त्यांनी हा कागद शेवटी केला होता.

आधी स्वतःला विचारा

राष्ट्रीय का व्हायचं? "मोठं नाव" एवढंच कारण असेल तर थांबा. खरी कारणं फार जमिनीवरची असतात. पहिलं विम्याचं. कार्यक्रमासाठी हॉल घ्यायला गेलात की मालक विम्याचं प्रमाणपत्र मागतो, आणि स्थानिक गटाकडे ते बहुधा नसतं. मग एखादी वीस वर्षांची मुलगी स्वतःच्या सहीवर करार करते आणि कोणी जिन्यावरून पडलं तर जबाबदारी तिच्या गळ्यात येते. राष्ट्रीय संस्थेची सामूहिक विमा पॉलिसी असते. दुसरं कारण सातत्याचं. स्थानिक गट दर चार वर्षांनी संपूर्ण नवा होतो. एक बॅच कमजोर निघाली की गट संपतो. राष्ट्रीय संस्थेकडे प्रशिक्षण, सल्लागार आणि फिरते प्रतिनिधी असतात. तिसरं कारण पदवीनंतरचं. नोकरीसाठी सिअ‍ॅटलला किंवा अटलांटाला गेलेल्या मुलीला तिथे माजी सदस्यांचा गट भेटतो. घरापासून लांब आलेल्या मुलीला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

बदल्यात वर्गणी वाढते, आणि चांगलीच वाढते. सदस्य कसे घ्यायचे, पैसा कसा खर्च करायचा, पार्टी कुठे करायची, याचे नियम वरून येतात. हे मंजूर नसेल तर स्थानिक राहण्यात काही कमीपणा नाही. डार्टमथ कॉलेजातली सिग्मा डेल्टा 1977 साली सिग्मा कॅपा या राष्ट्रीय संस्थेची शाखा म्हणून सुरू झाली आणि 1988 साली बाहेर पडून स्थानिक झाली. उलटा प्रवासही होतो, तोही विचारपूर्वक.

कॉलेजच्या दारातून

पहिली भेट राष्ट्रीय मुख्यालयाशी नव्हे, स्वतःच्या कॉलेजशी. बहुतेक मोठ्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींचं एक वेगळं कार्यालय असतं. छोट्या कॉलेजात विद्यार्थी व्यवहार विभाग ते काम बघतो. तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा. आमचा गट अधिकृत नोंदलेला आहे का? कॉलेज नव्या राष्ट्रीय संस्थेला परवानगी देतं का? आणि सध्या तसं दार उघडं आहे का?

हा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि नवख्या मुलींना नेमका तोच माहीत नसतो. राष्ट्रीय सोरॉरिटींची सर्वांत मोठी शिखर संघटना म्हणजे नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. ती 1902 साली स्थापन झाली, आज तिच्यात 26 संस्था आहेत. या संस्था कोणत्याही कॉलेजात आपल्या मर्जीने शिरत नाहीत. जिथे त्यांच्या शाखा आधीपासून आहेत, तिथे त्या शाखांची कॉलेज पॅनहेलेनिक परिषद असते, आणि नवी सोरॉरिटी आणायची की नाही यावर ती मतदान करते. याला ते एक्स्टेन्शन म्हणतात. परिषदेने दार उघडलं नाही, तर मुख्यालयातल्या बाईंना तुम्ही कितीही आवडलात तरी त्यांचे हात बांधलेले असतात.

म्हणून परिषदेशी आधी सोयरीक जमवा. अनेक ठिकाणी स्थानिक सोरॉरिटीला परिषदेत सहयोगी सदस्य होता येतं. ते व्हा. बैठकांना जा, त्यांच्या रक्तदानाला आणि निधी-संकलनाला मनापासून मदत करा. ज्यांच्या मतावर तुमचं भवितव्य ठरणार आहे त्या मुलींनी तुम्हाला वर्षभर काम करताना पाहिलेलं असावं. आमच्या वेळी आम्ही पहिले सहा महिने परिषदेकडे फिरकलोच नाही, थेट मुख्यालयांना पत्रं पाठवली. उत्तरं अतिशय सभ्य आली आणि सगळ्यांचा आशय एकच होता: तुमच्या कॉलेजातून निमंत्रण आल्याशिवाय आम्ही पुढे बोलू शकत नाही. एक आख्खं सत्र त्यात गेलं.

कोणत्या छत्राखाली जायचं

26 जणींची ती संघटना हा एकच रस्ता नाही. 1930 साली हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झालेली नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल ही आफ्रिकन-अमेरिकन परंपरेची शिखर संघटना आहे. नाव जवळपास सारखं आहे, घोटाळा करू नका. तिच्यात चार सोरॉरिटी आहेत. सर्वांत जुनी आल्फा कॅपा आल्फा, 1908 ची. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना तिच्याच सदस्य झाल्या. या संस्थांत नव्या शाखा पदवीधर सदस्यांच्या शाखेच्या देखरेखीखाली उभ्या राहतात आणि प्रवेशाच्या रीती अगदी वेगळ्या आहेत. एक तयार गट सबंध सामावून घेण्याची अपेक्षा धरून तिथे जाऊ नये. लॅटिना सोरॉरिटींची वेगळी संघटना आहे, बहुसांस्कृतिक सोरॉरिटींची वेगळी, आशियाई सोरॉरिटींची वेगळी.

आपल्या मुलींसाठी एक रस्ता विशेष जवळचा आहे. 1998 साली टेक्सासमध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन दक्षिण आशियाई सोरॉरिटी जन्मल्या: नोव्हेंबरमध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कॅपा फाय गॅमा आणि डिसेंबरमध्ये ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा. दोन्ही एकेका कॉलेजातून सुरू झाल्या आणि आज देशभर आहेत. तुमच्या स्थानिक गटात बहुतेक मुली देशी असतील, दिवाळी-होळी तुमच्या वर्षाचा कणा असेल, तर यांच्यासारख्या संस्थेत तुम्हाला कमी सोडावं लागेल. पण गट मिश्र असेल तर सगळ्यांना विचारूनच ठरवा. तुमच्यातली एखादी कोरियन किंवा मेक्सिकन मैत्रीण गप्प बसली म्हणजे ती राजी आहे असं धरू नका.

हे वाचताना "आम्ही कसल्या, छोट्या गावातल्या चार मुली" असं वाटत असेल, तर जुनी गोष्ट सांगते. जॉर्जियातल्या मेकन गावी वेस्लियन कॉलेजात 1851 साली अ‍ॅडेल्फियन आणि 1852 साली फिलोमॅथियन अशी मुलींची दोन वाङ्मय मंडळं निघाली. पन्नासेक वर्षं ती त्या एकाच कॉलेजात होती. 1904 साली फिलोमॅथियनची फाय म्यू झाली आणि 1905 साली अ‍ॅडेल्फियनची आल्फा डेल्टा फाय. पण त्या नावाची मुलांची फ्रॅटर्निटी 1832 पासून होती! शेवटी 1913 साली नाव आल्फा डेल्टा पाय असं बदलावं लागलं. म्हणून तुमच्या अक्षरांचा शोधही आधी घ्या. तुमची स्थानिक अक्षरं दुसऱ्या कोणाची नोंदलेली निघाली तर अर्जाच्या सुरुवातीलाच खडा लागतो.

कागदपत्रं: इथे वेळ द्या

सगळ्यांत जास्त गट इथे अडकतात. मुली उत्साहाने सादरीकरण करतात, गाणं बसवतात, सारख्या टी-शर्टांत फोटो काढतात, पण सदस्यांची यादी मागितली की तीन वेगवेगळ्या याद्या निघतात.

एक फाइल करा. तिच्यात गटाची घटना आणि नियमावली, कॉलेजच्या मान्यतेचं पत्र, सध्याच्या सदस्यांची वर्षवार यादी, सरासरी गुण, मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं, जमाखर्च, केलेल्या समाजकार्याची नोंद आणि माजी सदस्यांचे पत्ते हवेत. वर्षवार यादीकडे मुख्यालय फार बारकाईने बघतं. तीस मुलींतल्या अठरा शेवटच्या वर्षाला असतील तर मे महिन्यात बाराच उरणार, हे त्यांना एका नजरेत कळतं. तसं असेल तर आधी एक भरती नीट करा, मग अर्ज करा.

पैशाबद्दल मी खजिनदार म्हणून कळकळीने सांगते. गटाचा पैसा कोणा मुलीच्या स्वतःच्या खात्यात असेल तर आजच बंद करा. आमच्याकडे तसंच होतं. आधीच्या खजिनदाराच्या नावाचं खातं, ती पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेली, आणि आम्ही तिला फोन करून चेक मागतोय. कोणाची नियत वाईट नव्हती, पण बाहेरच्या माणसाला हिशोब दाखवताना मान खाली गेली. आयआरएसकडून, म्हणजे इथल्या करखात्याकडून, संस्थेसाठी ओळख क्रमांक घ्यायला पैसे लागत नाहीत. तो घ्या, संस्थेच्या नावाने खातं उघडा, दोन सह्या ठेवा. गावाकडची बचत गटाची बाई वहीत जेवढा चोख हिशोब लिहिते, तेवढा तरी आपला असावा.

रॅगिंगच्या बाबतीत फाइल कोरी नुसती दिसू नये, खरोखर कोरी असावी. इथे त्याला हेझिंग म्हणतात. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या संघीय कायद्याने कॉलेजांना हेझिंगच्या घटनांची नोंद जाहीर करणं बंधनकारक केलं आहे. तुमच्या जुन्या दीक्षाविधीत नव्या मुलीला अपमान, जागरण, जबरदस्तीचं खाणं-पिणं असं काहीही असेल, तर ते राष्ट्रीय होण्यासाठी नव्हे, तर ते चुकीचं आहे म्हणून आज थांबवा.

घरातलं मतदान

तुमच्या घटनेत लिहिलेलं असेल त्या बहुमताने, रीतसर सूचना देऊन, गुप्त मतदान घ्या आणि इतिवृत्त लिहा. घटनेत काहीच नसेल तर दोन-तृतीयांश ठरवा. साध्या बहुमतावर एवढा मोठा निर्णय घेतलात तर जवळजवळ अर्धं घर नाराज घेऊन नव्या घरी जाल.

मतदानाआधी माजी सदस्यांशी बोला. ही पायरी मुली टाळतात कारण फोन अवघड असतात. ज्या ताईंनी वीस वर्षांपूर्वी ती अक्षरं निवडली, बिल्ल्याचं चित्र काढलं, त्यांना ही बातमी इन्स्टाग्रामवर कळू देऊ नका. आमच्या संस्थापक सदस्यांपैकी एकीला मी फोन केला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्यापैकी किती जणी मला अजून ओळखतात?" आम्ही त्यांना बोलावलं, त्यांनी सगळा इतिहास सांगितला, आणि नंतर आमच्या बाजूने पहिलं पत्र त्यांनीच लिहिलं.

पत्र, भेट आणि विचारायचे प्रश्न

दार उघडलं, मतदान झालं, की चौकशीचं पत्र पाठवायचं. एकाच संस्थेला नको; तुमच्या कॉलेजात नसलेल्या आणि तुमच्या स्वभावाला जुळणाऱ्या तीन-चार संस्थांना. ज्यांना रस आहे त्या प्रतिनिधी पाठवतात, सादरीकरण करतात, मुलींशी बोलतात. हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम दोन्हीकडून असतो, हे विसरू नका. फक्त उत्तरं देत बसू नका, विचारा.

एका मुलीला पहिल्या वर्षी एकूण किती खर्च येईल, तो मदवार मागा: राष्ट्रीय वर्गणी, विम्याचा हप्ता, दीक्षेचं एकदाचं शुल्क, बिल्ला, परिषदेची वर्गणी, शाखेचा स्वतःचा खर्च. ज्या मुलीला हे परवडत नाही तिच्यासाठी काय सोय आहे? आमच्या माजी सदस्यांना दीक्षा घेता येईल का? पुष्कळ संस्था ती संधी देतात, पण अटी वेगवेगळ्या असतात. आमचं चालू समाजकार्य ठेवता येईल का, की फक्त तुमच्या राष्ट्रीय उपक्रमासाठीच निधी गोळा करायचा? आमच्या खात्यातले पैसे कोणाचे होतील? आणि उद्या शाखा बंद पडली तर ती मालमत्ता कुठे जाईल? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. तरी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. गटाचं भाड्याचं किंवा मालकीचं घर असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका. राष्ट्रीय संस्थांत घराचा कारभार बहुधा वेगळ्या गृह-मंडळाकडे असतो.

आणखी एक नियम तपासून घ्या. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या एका संस्थेत दीक्षा झालेली मुलगी त्याच कॉन्फरन्सच्या दुसऱ्या संस्थेत जाऊ शकत नाही. स्थानिक सोरॉरिटीतली दीक्षा याच्या आड येत नाही. पण दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेली एखादी मैत्रीण तिथे आधीच एखाद्या राष्ट्रीय सोरॉरिटीची सदस्य झालेली असते, आणि आता तिला तुमच्याबरोबर येता येणार नाही. हे तिला सगळ्यांत आधी, एकटीला भेटून सांगा.

मधला काळ आणि चार्टर

संस्थेने होकार दिला की लगेच शाखा होत नाही. मधल्या अवस्थेला पूर्वी सगळे कॉलनी म्हणत. आता अनेक संस्थांनी तो शब्द सोडून वेगळे शब्द घेतले आहेत. या काळात सदस्यसंख्या, गुण, हिशोब, पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण यांची उद्दिष्टं दिलेली असतात. काही गट एका सत्रात पार होतात, काहींना वर्षाहून जास्त लागतं. मुख्यालयाची प्रतिनिधी, बहुतेक वेळा नुकती पदवी घेतलेली तरुणी, येऊन राहते. तिला परीक्षक समजू नका. घरी जेवायला बोलवा, अडचणी सांगा. आमच्याकडे आलेल्या मुलीला आम्ही पहिल्या रविवारी वरण-भात आणि बटाट्याची भाजी खायला घातली, आणि पुढच्या चार महिन्यांत आमचा प्रत्येक अवघड अहवाल तिने रात्री बसून आमच्याबरोबर लिहिला.

प्रत्येक मुलीला इथे पुन्हा एकदा निवड असते. गटाने मतदान केलं म्हणजे तिने दीक्षा घेतलीच पाहिजे असं नाही. कोणाला धार्मिक कारणाने विधी नको असेल, कोणाला खर्च झेपत नसेल, कोणाला मनच नसेल. तिला टोमणे मारू नका, आणि शेवटच्या दिवशी ती फोटोत असेल अशी व्यवस्था करा. ती तुमच्या जुन्या घरातली आहे.

उद्दिष्टं पूर्ण झाली की शाखेची स्थापना होते. आधी दीक्षा, मग चार्टरचं वाचन आणि सह्या, मग आईवडिलांसाठी समारंभ. दीक्षेला बाहेरच्या कोणाला, अगदी आईलाही, बसता येत नाही. घरच्यांना विमानाची तिकिटं काढायच्या आधीच हे सांगा म्हणजे दारात उभं राहून कोणाचं मन दुखावणार नाही.

त्या आठवड्यात एक काम बाकी ठेवू नका. जुनी घटना, इतिवृत्तं, पहिला बिल्ला, फोटो, गाण्यांच्या वह्या, शेवटच्या सदस्यांची पूर्ण यादी हे सगळं एका खोक्यात घालून कॉलेजच्या ग्रंथालयातल्या अभिलेखागारात द्या आणि पोचपावती घ्या. जुना दीक्षाविधी गुप्त ठेवायचा असेल तर बंद पाकिटात घालून वर कधी उघडायचं ते लिहा. पोचपावतीची एक प्रत संस्थापक ताईंना पोस्टाने पाठवा.